मुशीची मोजदाद: टेप, वही आणि एक अडवणारा आकडा

मागच्या अंकात कोकण किनाऱ्यावरच्या लहान शार्कवर, म्हणजे मुशीवर, आम्ही अर्ध्या पानाचं टिपण छापलं होतं. नागपूरहून समुद्र एका रात्रीच्या रेल्वेइतका लांब, तरी पत्रं आली ती भरपूर. तसं नवलही नाही. विदर्भात झूलॉजी घेऊन बीएस्सी केलेल्या जुन्या पिढीने समुद्र पाहण्याआधी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ठोकलेला स्कोलिओडॉन पाहिला. पसरट सोंडेची ती मुशी हीच. पत्रांपैकी पाच प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी वर्षभरात तीन वेळा रत्नागिरीला जाऊन मिरकरवाडा बंदरावर मुशी मोजायचा विचार आहे. गाइड म्हणतात, दहा-पंधरा वर्षांची पकडीची आकडेवारी नसेल तर साठ्याबद्दल बोलूच नये. विषय सोडून देऊ का? (एक विद्यार्थिनी, महाल)

सोडू नका, प्रश्न मात्र लहान करा. समुद्रात मुशी किती टन आहे, हे तीन फेऱ्यांत कळणार नाही; तिथे तुमच्या गाइडांचं बरोबर आहे. पण पकडली जाणारी मुशी वयात येण्याआधीच मरते का, आणि मासेमारीचा ताण तिला झेपण्याजोगा आहे का, एवढं विचारलंत तर लांबी, लिंग आणि थोडी चौकशी यांवर भागतं.

आधी मोजणं. एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या, एका टोकाला उभी पट्टी ठोका. सोंड पट्टीला टेकवायची, मासा सरळ करायचा आणि शेपटीच्या वरच्या पात्याचं टोक जिथे येईल तो आकडा लिहायचा. इथेच पहिला घोळ होतो. शेपटी नैसर्गिक कोनात ठेवली तर एक आकडा येतो, शरीराच्या रेषेत खाली दाबली तर दुसरा, आणि ५० सेंटीमीटरच्या माशात दोन्हींत एक-दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालते. पण वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून ठेवा आणि मोजणारं माणूस बदललं तरी पद्धत बदलू देऊ नका. शिंप्याची टेप पोटावरून फिरवू नका, गाभण मादी उगाच लांब भरते.

प्रत्येक माशाचं लिंग लिहा. नराला ओटीपोटाच्या परांच्या आतल्या कडेला दोन दांड्या असतात, त्यांना क्लास्पर म्हणतात. पिल्लात त्या आखूड, मऊ असतात. वयात येऊ घातलेल्या नरात लांब झालेल्या असतात, पण बोटाने दाबल्या की वाकतात. वयात आलेल्या नराची दांडी आतून कडक लागते, मुळापाशी धरून पुढे डोक्याकडे फिरवली की सहज फिरते आणि टोक उघडतं. वहीत १, २, ३ एवढंच लिहिलं तरी पुरे. चाकू नको, विकत घ्यायला नको, एका माशाला दहा सेकंद लागतात. लांबीनुसार गट पाडून कोणत्या गटात निम्मे नर ३ मध्ये आहेत ते पाहिलं की नराची वयात येण्याची लांबी हाती येते, तीही त्याच बंदरावरची.

मादीचं बाहेरून कळत नाही. मासे साफ करणाऱ्या कोळिणीजवळ बसायचं, परवानगी घ्यायची आणि पोट उघडलं की पिल्लं मोजायची. जाळ्यात सापडल्यावर धडपडीत काही पिल्लं पडून जातात, म्हणून तुमची मोजणी नेहमी ‘किमान इतकी’ अशी लिहा. या जातीची पिल्लं जन्मतात तेव्हा १२ ते १५ सेंटीमीटरची असतात, मादी साधारण ३३ ते ३५ ला वयात येते आणि मोठ्यात मोठी मुशी पाऊण मीटरच्या आतच राहते. या मापांपासून तुमचे आकडे फार दूर गेले तर आधी जात तपासा. पहिला पाठीवरचा पर खूप मागे, जवळजवळ ओटीपोटाच्या परांवर आलेला, आणि सोंड खुरप्यासारखी चपटी असेल तर स्कोलिओडॉन. तिच्यासारखीच दिसणारी, पण वरच्या ओठाच्या कोपऱ्यात लांब घडी असलेली मुशी वेगळी. दोन्ही एकाच पाटीत येतात.

किती मोजायच्या? एका बोटीतल्या २०० मुशींपेक्षा २० बोटींतल्या दहा-दहा मुशी कितीतरी मोलाच्या. शार्क लिंगानुसार आणि आकारानुसार वेगवेगळे फिरतात, त्यामुळे एका बोटीचा माल बहुतेक एकाच थव्यातून आलेला असतो. २०० मासे मोजूनही तुम्ही प्रत्यक्षात एकच थवा मोजलेला असतो. प्रत्येक बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, जाळं कोणतं, आसाचं म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप किती, समुद्रात किती दिवस आणि किती खोलीवर, हे विचारा. मोजणी लिलावाआधी आणि माल निवडण्याआधी करायची. मोठा माल एका पाटीत आणि बारीक दुसऱ्या पाटीत गेल्यावर जे मोजाल ती व्यापाऱ्याची निवड असते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा तीन फेऱ्या बंदी उठल्यावर, हिवाळ्यात आणि मे महिन्याच्या सुरुवातीला अशा वाटून घ्या.

आता हिशेब. समजा तुम्ही वाढीचे आकडे दुसऱ्या अभ्यासातून घेतले: पूर्ण वाढलेल्या माशाची सरासरी लांबी ७० सेंटीमीटर आणि त्या लांबीकडे वाढत जाण्याचा वेग वर्षाला ०.४. लांबीच्या स्तंभालेखात ३० सेंटीमीटरपासून पुढे मासे पूर्णपणे जाळ्यात येतात असं दिसलं. (इथे सर्वांत लहान मासा धरायचा नाही, स्तंभालेखाचा शेंडा धरायचा, ही चूक प्रकल्पांमध्ये फार होते.) ३० च्या पुढच्या माशांची सरासरी लांबी ४२ आली. मग एकूण मृत्युदर = ०.४ × (७० − ४२) ÷ (४२ − ३०) = ०.९३.

यातून नैसर्गिक मृत्युदर वजा केला की मासेमारीचा उरतो. नैसर्गिक मृत्युदर समुद्रात जाऊन मोजता येत नाही, तो कमाल वयावरून काढतात: ४.८९९ गुणिले कमाल वयाचा उणे ०.९१६ वा घात. कमाल वय ७ वर्षं धरलं तर तो ०.८२ येतो आणि मासेमारीचा वाटा फक्त ०.११ उरतो. कमाल वय १० धरलं तर नैसर्गिक ०.५९ आणि मासेमारीचा ०.३४.

हाडाच्या माशांत मासेमारीचा मृत्युदर नैसर्गिकाच्या ०.८७ पटीपर्यंत झेपतो असं धरलं जातं. शार्क आणि पाकट यांच्यासाठी तोच ढोबळ नियम ०.४१ पटीवर येतो, कारण पिल्लं थोडी आणि प्रत्येक पिल्लू आईला महाग पडलेलं. तुमच्या उदाहरणात ७ वर्षं धरली की गुणोत्तर ०.१३, म्हणजे काळजी नाही. १० धरली की ०.५७, म्हणजे मर्यादेच्या वर. मासे तेच, वही तीच, पुस्तकातल्या एका आकड्याने निकाल उलटला.

म्हणून अहवालात एकच उत्तर लिहू नका. कमाल वयाचे तीन पर्याय आणि सरासरी लांबीचे तीन पर्याय घेऊन नऊ घरांचा तक्ता द्या. सरासरी ४२ ऐवजी ४० आली असती तर एकूण मृत्युदर ०.९३ वरून १.२ झाला असता आणि ७ वर्षांच्या पर्यायातही गुणोत्तर ०.४६ वर गेलं असतं. शेपटी दाबल्याने पडणारे दोन सेंटीमीटर ते हेच.

आणखी दोन खड्डे. हे सूत्र गृहीत धरतं की दरवर्षी साधारण सारखी पिल्लं जन्मतात. एखाद्या वर्षी पिल्लं कमी झाली तर पकडीत मोठ्या माशांचा वाटा वाढतो, सरासरी वर जाते आणि साठा घसरत असताना चित्र सुधारल्यासारखं दिसतं. त्यासाठी सरासरीसोबत बोटीमागे रोज किती मुशी आल्या हेही लिहा. दुसरं, वाढीचा वेग स्वतःच्या स्तंभालेखातल्या शेंड्यांवरून काढायचा मोह होईल. ही मुशी वर्षभर विते, त्यामुळे महिन्यामागून महिना सरकत जाणारा स्वच्छ शेंडा तिच्यात दिसत नाही. सॉफ्टवेअर तरीही एक आकडा देईल. तो घेऊ नका.

प्रश्न: संख्याशास्त्र शिकवतो. एका विद्यार्थ्याच्या मुशीच्या लांब्यांवर ‘एलबीएसपीआर’ (लांब्यांवरून साठ्याची प्रजननक्षमता काढणारी संगणकी पद्धत) चालवून पाहिलं. अंड्यांची राखीव क्षमता, म्हणजे मासेमारी नसती तर असती त्यातली किती उरली, ती ०.३५ आली. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत ०.३ ला ठीक म्हटलंय. मग साठा ठीक समजावा का? (एक प्राध्यापक, मनीषनगर)

नाही. ०.३ हा उंबरठा लाखो अंडी टाकणाऱ्या माशांवरून आलेला आहे. तिथे मूळ क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यावरही पिल्लांची संख्या फारशी घटत नाही, कारण बहुतेक अंडी तशीही मरणारच असतात. मुशीला एका वेळी मोजकी पिल्लं होतात, एकपासून चौदापर्यंत, आणि ती आईच्या पोटात नाळेवर वाढतात. माद्या निम्म्या झाल्या की पिल्लंही जवळपास निम्मी. शार्कसाठी ०.४ च्या खाली तर चिंताच करावी, आणि हळू वाढणाऱ्या मोठ्या जातींत त्याच्याही वर राहावं लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये तीन जागा पाहा. अंड्यांची संख्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढते असं त्यात मूळ सेटिंग असतं, घातांक ३. मुशीत मोठ्या मादीला पिल्लं जास्त होतात, पण त्या वेगाने नाही. मोजलेल्या माद्यांची लांबी आणि पिल्लं यांचा आलेख काढून घातांक स्वतः भरा. दुसरं, नैसर्गिक मृत्यू आणि वाढीचा वेग यांचं गुणोत्तर. वरच्या उत्तरातला कमाल वयाचा तिढा इथेही येतो. तिसरं, आणि बहुधा तुमच्या आकड्यामागचं कारण हेच असेल: ही पद्धत धरून चालते की एका मापाच्या पुढचे सगळे मासे जाळ्यात येतात. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या जाळ्यात, तसं होत नाही. आसापेक्षा फार मोठी मुशी जाळ्यात अडकतच नाही. मग मोठे मासे कमी दिसतात आणि पद्धत त्यांना मेलेले समजते. डोल (प्रवाहात रोवलेलं पिशवीसारखं जाळं), ट्रॉल (बोटीने ओढायचं जाळं) आणि गिलनेट यांच्या लांब्या वेगळ्या ठेवून पुन्हा चालवा. नर-मादी एकत्र टाकले असतील तर तेही वेगळे करा, आणि राखीव क्षमता माद्यांवरूनच काढा.

प्रश्न: सुक्या मासळीच्या दुकानात ‘मोरी’ म्हणून मिळते ती शार्कच ना? ती विकणं कायदेशीर आहे का? आणि नागपुरातच दुकानांतून मोजदाद करता येईल का? (एक वाचक, इंदोरा)

शार्कच. लहान मुशीच्या स्थानिक विक्रीवर बंदी नाही. देवमुशी म्हणजे व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि करवती माशासारख्या आणखी काही जातीही संरक्षित यादीत आहेत. पर कापून धड समुद्रात टाकण्याला २०१३ च्या धोरणाने आळा घातला, परांची निर्यात २०१५ मध्ये बंद झाली. २०२२ च्या पनामा बैठकीत साइटीस कराराच्या (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात ज्या कुळाची नोंद झाली त्यात आपली मुशीही येते, त्यामुळे निर्यातीसाठी ‘या पकडीने जातीला धोका नाही’ असा शास्त्रीय दाखला लागतो. दुकानातल्या पावशेर मोरीला तो लागत नाही. पण असा दाखला द्यायचा तर वर सांगितलेली मोजदाद कोणीतरी केलेलीच हवी.

नागपुरातून साठ्याची मोजदाद मात्र होणार नाही. इथवर येणारा माल दोन-तीन हातांतून निवडून येतो, बंदर कोणतं ते दुकानदाराला माहीत नसतं आणि मासा खारवून-वाळवून आखडलेला असतो. काय किती आखडतं ते शोधायचं तर किनाऱ्यावर ३० ताज्या मुशी मोजून शेपटीला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, वाळल्यावर पुन्हा मोजायच्या आणि दोन्हींचा संबंध काढायचा. कॉलेजच्या म्युझियममधल्या फॉर्मॅलिनच्या बरण्यांनाही हेच लागू. त्या लांब्या ताज्यांच्या तक्त्यात मिसळू नका.

प्रश्न: लांबीचा एकही आकडा नाही. बंदरावर कोणत्या जातीच्या शार्क येतात एवढी यादी आणि कोळी बांधवांशी झालेल्या गप्पा आहेत. याचं काही होईल का? (एक अभ्यासगट, धरमपेठ)

होईल, पण त्यातून कळेल तो धोका. साठ्याची आजची स्थिती नाही कळणार. यासाठी उत्पादकता-संवेदनशीलता विश्लेषण वापरतात. प्रत्येक जातीला सात जीवनगुणांवर १ ते ३ गुण द्यायचे आणि सरासरी काढायची: वयात येण्याचं वय, कमाल वय, वर्षाला पिल्लं, कमाल लांबी, वयात येण्याची लांबी, प्रजननाची तऱ्हा आणि अन्नसाखळीतली जागा. ३ म्हणजे जास्त धोका. स्कोलिओडॉनला लहान आणि अल्पायुषी म्हणून चार ठिकाणी १. पिल्लं थोडी, जिवंत पिल्लं देणारी आणि शिकारी म्हणून तीन ठिकाणी ३. बेरीज १३, सरासरी १.८६. हातोडी शार्कला बहुतेक रकान्यांत ३, एका रकान्यात २ धरला तर २.८६.

मग पकडीचे चार गुण: मासेमारीचं क्षेत्र तिच्या वावरावर किती पडतं, जाळं तिच्या खोलीवर येतं का, जाळ्यात ती किती अडकते, सुटली तर जगते का. चारींचा गुणाकार करायचा, १ वजा करायचा, ४० ने भागून १ मिळवायचा. चारही ३ असतील तर ३ येतात, एक २ झाला तर २.३३. शेवटी दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. २.६४ च्या खाली कमी धोका, ३.१८ च्या वर जास्त.

स्कोलिओडॉन ३ सोबत ३.५३ वर, म्हणजे जास्त धोक्यात, २.३३ सोबत २.९८ वर, मध्यम. एका रकान्याने गट बदलला. हातोडी २.३३ सोबतही ३.६८ वरच राहते. म्हणून मोजमापाला आधी हातोडी घ्या. माहिती नसलेल्या रकान्यात ३ भरतात हा नियम आहे. त्यामुळे एखादी जात ‘जास्त धोक्यात’ निघाली की ती खरोखर धोक्यात आहे की रकाने रिकामे होते, हे शेजारी लिहा.

गप्पांचं म्हणाल तर त्या आकड्यांइतक्याच काळजीने गोळा करायच्या. ‘पूर्वी जास्त मिळायची का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी आयुष्यात मिळालेली सर्वांत मोठी मुशी केवढी, ते हाताने दाखवायला सांगा आणि टेपने मोजा. साल विचारू नका, वादळ विचारा: फयानच्या आधी की नंतर? निसर्गच्या वर्षी की तौक्तेच्या? फयान २००९ चं, निसर्ग २०२० चं, तौक्ते २०२१ चं; साल आपोआप लागतं. म्हातारे, मधल्या वयाचे आणि तरुण यांची उत्तरं वेगळी ठेवा. तरुणाला आजची पकड नेहमीचीच वाटते, कारण त्याने दुसरी पाहिलेलीच नसते. आणि ‘पकड पूर्वीइतकीच आहे’ असं कोणी सांगितलं तर पुढचा प्रश्न लगेच: तेव्हा इंजिन किती अश्वशक्तीचं होतं, जाळी किती आणि किनाऱ्यापासून किती तास लांब जायचात? दुप्पट लांब जाऊन तितकीच मुशी आणली, तर ती घट आहे.

प्रश्न: आमची मत्स्य सहकारी संस्था खिंडसी तलावाजवळ आहे. हीच फळी-टेपची पद्धत आमच्या तलावाला लागू पडेल का? (एक सभासद, रामटेक)

रोहू-कटल्याला नाही. तुम्ही दरवर्षी मत्स्यबीज सोडता. पिल्लं किती येणार ते आईवर नाही, बोटुकली किती सोडली यावर ठरतं. तिथे सोडलेले किती आणि काढलेले किती एवढा हिशेब पुरतो. बीज न सोडता तलावात आपोआप वाढणाऱ्या जातींना, मरळीसारख्या, चालेल. मरळ वयात येण्याची लांबी तुमच्याच तलावातून, पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यांवर आलेल्या माद्या मोजून काढा. मरळ पिल्लांची राखण करते, त्या दिवसांत पिल्लांच्या घोळक्याजवळ गळ टाकू नका. नाहीतर राखणारा मासाच मोजणीत येईल.